नजरेने निवड, बोटाने होकार

डोळ्यांनी कॉम्प्युटर चालवणं आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. २०१७ साली विंडोज १० मध्ये आय कंट्रोल आलं. २०२४ साली ॲपलच्या व्हिजन प्रो या डोळ्यांवर घालायच्या कॉम्प्युटरने नजरेलाच माउस केलं, आणि त्याच वर्षी आयओएस १८ मध्ये ही सोय आयफोनच्या साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर मिळू लागली. पण ॲप बनवणारे बरेच जण नजर म्हणजे नुसता वेगवान माउस समजून चालतात, आणि तिथेच गाडं अडतं.

डोळ्याचं काम पाहण्याचं. पाहिलं की दाबलं गेलं, असं झालं तर स्क्रीनवर सहज नजर फिरवणंही धोक्याचं ठरतं. संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास या अडचणीला ‘मायडास टच’ म्हटलं; मायडास म्हणजे गोष्टीतला तो राजा, ज्याने हात लावलेलं सगळंच सोनं व्हायचं. यावरचा जुना उपाय म्हणजे ड्वेल: ठरावीक वेळ नजर रोखली की क्लिक. मात्र वाचताना नजर एकेका जागी साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद थांबतेच. ड्वेल ४०० वर ठेवला तर दोन शब्दांचं बटण वाचता वाचताच दाबलं जातं. १००० वर नेला तर टाइप करणारा दमून जातो. म्हणून सगळीकडे एकच आकडा ठेवू नये. कीबोर्डच्या अक्षरांना कमी, ‘डिलीट’ किंवा ‘पाठवा’ला जास्त.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. नजर टिपणाऱ्या चांगल्या यंत्राची, म्हणजे ट्रॅकरचीही चूक अर्धा ते एक अंश असते. ६० सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे स्क्रीनवर जवळजवळ १ सेंटिमीटर, तोही कोणत्याही बाजूला. तेव्हा बटण किमान २ सेंटिमीटरचं हवं, आणि शेजारच्या बटणापासून मोकळी जागाही हवी. व्हिजन प्रोसाठी ॲपल दोन बटणांच्या मध्यबिंदूंत ६० पॉइंट (पडद्यावरचं मापाचं एकक) अंतर ठेवायला सांगते, ते याचसाठी.

नजरेच्या जागी कर्सर दाखवायचा मोह तर टाळाच. तो अर्धा अंश बाजूला दिसला की डोळा आपोआप त्याच्याकडे वळतो, मग कर्सर आणखी पुढे सरकतो, आणि पाठलाग सुरू होतो. त्याऐवजी अख्खं बटण उजळवा. ड्वेलचं वर्तुळ दाखवायचं तर ते मध्याकडे आकसत जाऊ द्या, म्हणजे नजरही मध्यावर येते. कडेने भरत जाणारं वर्तुळ नजरेला कडेकडे ओढतं, आणि तिथे चुकीला वाव सगळ्यात जास्त.

आयफोनवर करून पाहायचं असेल तर फोन हातात धरू नका. स्टँडवर, चेहऱ्यापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर ठेवा. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, आय ट्रॅकिंग. मग सरकणाऱ्या ठिपक्याकडे पाहत राहा. हे झालं कॅलिब्रेशन, म्हणजे तुमच्या नजरेशी फोनची जुळणी. त्यानंतर फोन किंवा बसण्याची जागा हलली तर ते पुन्हा करा. पॉइंटर थरथरत असेल तर स्मूदिंग वाढवा, पण जितकं वाढवाल तितका तो मागे रेंगाळेल. इन्फ्रारेड दिव्यांच्या ट्रॅकरची दुखणी वेगळी: चष्म्याच्या काचेवरची चमक, थेट ऊन, बाहुलीवर उतरलेली पापणी.

माझ्या मते पुढची वाट विभागणीची आहे. कुठे, ते नजर सांगेल. होकार दुसरं काहीतरी देईल: चिमटी (अंगठा आणि बोट एकमेकांना टेकवणं), एखादी कळ, आवाज. व्हिजन प्रोमध्ये चिमटी घेईपर्यंत तुम्ही कुठे पाहताय हे ॲपला कळतच नाही, आणि हा नियम प्रत्येक यंत्राने पाळायला हवा, कारण नजर कशावर रेंगाळली हे माणूस ठरवून सांगत नसतो.

ज्यांचे हात चालत नाहीत, आवाजही साथ देत नाही, त्यांच्यासाठी मात्र बहुतेक वेळा ड्वेलच उरतो. त्यांच्यासाठी ‘विश्रांती’ची एक जागा स्क्रीनवर कायम ठेवा, जिथे कितीही वेळ पाहिलं तरी काहीच दाबलं जाणार नाही, आणि ‘अनडू’ एका नजरेच्या अंतरावर असू द्या.