थांबा आजोबा

"ओ काका, तुम्ही ट्रॅफिकवाले आहात का?" बुलेटवरच्या पोराने विचारलं.

"नाही, आजोबा आहे," म्हटलं.

मागे बसलेली मुलगी हसली, पोरगा जरा वरमला, आणि तेवढ्यात शाळेची आठ-दहा मुलं रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचली. आपल्याला तेवढंच हवं होतं.

एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी नाशिक-पुणे मार्गावर. आता नाशिकला सिडकोत घरी असतो. नातीला शाळेत सोडायची ड्युटी माझी. शाळा अंबड एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पहिल्या आठवड्यात मी तिला आत सोडून घरी यायचो. दुसऱ्या आठवड्यात मात्र फाटकापाशीच थांबलो, कारण पलीकडे चार मुलं रस्त्याकडे बघत उभी होती आणि दोन-तीन मिनिटं झाली तरी कुणी गाडी थांबवेना. मी हात करून गाड्या थांबवल्या, त्यांना अलीकडे आणलं. तेव्हापासून रोज उभा राहतो.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं २०२४ साली सरकारने ठरवलं. लेकरांची झोप होते, चांगलंच झालं. पण पूर्वी ही पिल्लं सातला शाळेत असायची, तेव्हा रस्ता मोकळा असे. आता नऊला ती येतात आणि त्याच वेळी कामावर निघालेल्यांची झुंबड असते. मोठ्यांची शाळा अजून सकाळचीच. जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो, त्यामुळे गडद निळ्या स्वेटरमधलं पोर हेडलाइटच्या उजेडात येईपर्यंत दिसतच नाही. म्हणून मी दोन्ही वेळा जातो. आमची ही म्हणते, रिटायर झालात की डबल ड्युटी लागली?

पाटी मी स्वतः केली. प्लायवूडचा गोल तुकडा, झाडूचा दांडा, आणि नंबरप्लेटवाल्याकडून लाल रेडियम लावून घेतलं. त्यावर पांढऱ्यात ‘थांबा’. त्याने पैसे घेतले नाहीत, त्याचा मुलगाही याच शाळेत आहे. मला अधिकार कसलाच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुतण्या इंग्लंडमध्ये असतो, तो सांगत होता की तिकडे अशा माणसांसाठी १९५३ साली चक्क कायदा झाला. त्यांच्या हातातल्या गोल पाटीमुळे लोक त्यांना लॉलीपॉप मॅन म्हणतात आणि ती पाटी दिसली की गाडी थांबवावीच लागते. आपल्याकडे लोक वयाकडे बघून थांबतात. पांढरे केस कामाला आले म्हणायचे.

आता खरी गोष्ट. १९९८ साल. सिन्नरच्या पुढे एका फाट्यावर शाळा सुटली होती. दप्तर पाठीवर घेतलेला एक मुलगा डाव्या बाजूला उभा, नऊ-दहा वर्षांचा असेल. मला दया आली. गाडी थांबवली आणि काचेतून हात केला, जा बाळा. तो हसला आणि पळत सुटला. माझ्या बसपुढून उजवीकडे बाहेर पडला आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्या मोटरसायकलवर आदळला. पाय मोडला. जीव वाचला. मोटरसायकलवाल्याला तो दिसणं शक्यच नव्हतं, मधे माझी बस होती. मुलालाही मोटरसायकल दिसली नाही, कारण तेच. त्या दोघांच्या मधे एक भिंत होती आणि त्या भिंतीवरून मी "जा" म्हणालो होतो. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट लोक म्हणाले, ड्रायव्हर बिचारा थांबला तरी.

तर माझी पाटी थांबलेल्या गाडीसाठी नसतेच. ती त्या गाडीमागून येणाऱ्या दुसरीसाठी असते. पहिली गाडी थांबली की मी तिच्या उजव्या कोपऱ्याच्याही थोडा पुढे जाऊन उभा राहतो, पाटी मागच्यांना दिसेल अशी धरून. ते सगळे थांबले की मगच मुलांना बोलावतो. ताशी चाळीसने येणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे जवळजवळ एक एसटी. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. लहान मुलाला गाडी दिसते, पण ती किती जोरात येतेय हे त्याला कळत नाही. ते त्या वयात कळतच नाही, त्याला ओरडून काय उपयोग?

मुलांना एकच सवय लावलीय. थांबलेल्या गाडीपुढून जाताना तिची कड संपली की परत थांबायचं, मान बाहेर काढायची, बघायचं. नातीने याला ‘कासव’ नाव दिलंय. आता पहिलीतली पोरं "कासव, कासव" करत जातात.

त्रास मुलांचा नाही, आईबापांचा. राँग साइडने स्कूटी घालायची, अगदी फाटकाला चिकटवून लावायची, म्हणजे तिच्याआडून बाहेर पडणारं पोर कुणालाच दिसू नये. आणि हात धरायचा तो बोटांना. पोराला पलीकडे मित्र दिसला की बोटं सुटलीच. मनगट धरा हो, मनगट. हे मी इतक्यांदा सांगितलंय की एक ताई मला बघूनच मनगट धरतात आणि पुढे गेल्या की परत बोटं.

गतिरोधकासाठी अर्ज दिलाय. मुलगा सिव्हिल इंजिनीअर आहे, तो म्हणतो नियमाप्रमाणे उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. मी म्हटलं, आपल्याकडे एका रात्रीत उंचवटा टाकतात, त्याने म्हाताऱ्यांच्या कमरा जातात. तसला नको. नीट करा, पट्टे रंगवा, नाहीतर अंधारात तोच कुणाला तरी पाडेल.

गेल्या पावसात पाटीवरचं ‘बा’ निघालं. दोन दिवस नुसतं ‘थां’ घेऊन उभा होतो. तरी गाड्या थांबल्या. उद्या शनिवार, सगळ्यांचीच शाळा सकाळची. जाताना नंबरप्लेटवाल्याचं दुकान उघडं नसणार, येताना बघतो.