“मी मुद्दाम करत नव्हते”

पंधरा वर्षांची मल्लखांबपटू आजोबांबरोबर माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आली होती. आजोबा तरुणपणी बडोद्याच्या दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जाणारे. “ताई, हात वर केला की हिचा खांदा मागे निखळतो. घरचे म्हणतात नाटक करते. एकांनी ऑपरेशन सुचवलंय.”

माझा पहिला प्रश्न ठरलेला: सुरुवात कशी झाली? पडलीस, हिसका बसला? तसं काहीच नव्हतं. मार लागून खांदा पुढे निखळला असेल तर बहुधा खांद्याच्या वाटीच्या पुढच्या कडेवरचं लॅब्रम, म्हणजे वाटीभोवतीची चिवट कड, सुटलेलं असतं. सर्जन बँकार्ट यांनी 1923 मध्ये वर्णन केलेली इजा ती हीच. तसा तरुण खेळाडू आला तर मी स्वतःच त्याला सर्जनकडे पाठवते. हिच्या एमआरआयमध्ये मात्र काही फाटलेलं नव्हतं, वाटीही चांगली होती.

तिला हात समोरून वर न्यायला सांगितलं. खांद्याच्या उंचीला येण्याआधीच दंडाच्या हाडाचा गोळा मागे घसरला, आणखी वर गेल्यावर खट्कन जागेवर बसला. मोरोडर आणि शायबेल या सर्जनांच्या वर्गीकरणात मागच्या बाजूच्या अशा अस्थिरतेला बी1 म्हणतात: रचना शाबूत, स्नायूंचा ताळमेळ बिघडलेला. छातीचे स्नायू जोर करतात आणि हात बाहेर फिरवणारे मागचे स्नायू वेळेवर साथ देत नाहीत. तिच्या हातात नसलेल्या गोष्टीला घरचे नाटक म्हणत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

खांद्याच्या पात्यावर, मागच्या स्नायूंवर स्टिम्युलेटरचे, म्हणजे सौम्य विजेने स्नायू आवळायला लावणाऱ्या मशीनचे, इलेक्ट्रोड लावले. “आता ने वर.” हात कानापर्यंत गेला. आवाज नाही, घसरणं नाही. आजोबा खुर्चीतून उठून तिच्या पाठीमागे आले. “परत कर बरं.” परत तसंच. मशीन बंद केलं, खट्! चालू केलं, पुन्हा सुरळीत.

“बघा आजोबा, मी मुद्दाम करत नव्हते.” तिचे डोळे भरून आले होते. आजोबा काही न बोलता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

अशा खांद्याचं आवरण टाके घालून घट्ट केलं तरी स्नायूंची सवय तीच राहते, म्हणून शस्त्रक्रिया आधी नको, असं मी त्यांना समजावलं. आठवड्यातून तीनदा स्टिम्युलेशन चालू ठेवून व्यायाम, मग हळूहळू मशीनशिवाय, मग वजन. मल्लखांब तोवर बंद. आणि हात वर केला की खांदा कसा निखळतो, हे मैत्रिणींना दाखवणं आजपासून बंद. प्रत्येक वेळी तीच चुकीची सवय पक्की होते.