ज्युपिटर २ : तळाचे प्रकाशचक्र अखेर फिरले

सात आठवडे रखडलेले काम परवा रात्री मार्गी लागले. मी बनवत असलेल्या ज्युपिटर २ या अंतराळयानाच्या प्रतिकृतीच्या तळाचा प्रकाश आता खरोखर फिरताना दिसतो. 'लॉस्ट इन स्पेस' या मालिकेचे ८३ भाग सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९६५ ते १९६८ या काळात झाले, त्यांत रॉबिन्सन कुटुंबाचे घर म्हणजे हीच तबकडी होती, आणि ते घर जिवंत आहे हे तळाशी गरगरणाऱ्या दिव्यांवरूनच कळायचे. त्यामुळे ते दिवे साधल्याशिवाय मला पुढे जायचे नव्हते.

दिवे फिरवण्यासाठी आधी घेतलेली ५५५ (ठोके देणारी चिप) आणि ४०१७ (त्या ठोक्यांवर दिवे एकामागून एक लावणारी चिप) ही जोडी मी सोडली आहे. ४०१७ एका वेळी एकच दिवा लावतो, त्यामुळे वेग कितीही वाढवला तरी प्रकाश सरकत नाही, उड्या मारतो. त्याऐवजी प्रत्येक दिव्याचे तेज वेगळे ठरवता येणारी २४ एलईडी दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी रिंग आणि ती चालवायला आर्डुइनो नॅनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड घेतला, आणि पुढच्या दिव्यामागे मंद होत जाणारे शेपूट सोडले. तरीही शेपूट दिसेना. चार-पाच दिवे सारखेच प्रखर वाटत आणि शेवटचा एकदम विझे. दोष रिंगचा समजून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरी आणली, तर तिचे आठव्या दिव्यापासून पुढचे सगळे दिवे मेलेले निघाले आणि दुकानदाराने ती बदलून देण्यास साफ नकार दिला. रिंग दुकानातच लावून पाहावी, आणि डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर व पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पहिल्या दिवसापासून घालावा, असे माझे आता ठाम मत आहे.

खरे कारण डोळ्यात होते. मंद प्रकाशातला फरक डोळा बारकाईने टिपतो, प्रखर प्रकाशातला तेवढा टिपत नाही; म्हणून दिव्याला तेजाचा आकडा कमाल २५५ पैकी १२८ दिला तरी तेज निम्म्याहून बरेच अधिक भासते. २.२ चा गॅमा, म्हणजे तेजाचे आकडे डोळ्याच्या जाणिवेनुसार बदलणारे गणित, लावल्यावर १२८ च्या जागी ५६ जाऊ लागले आणि शेपूट पहिल्याच चाचणीत उमटले. दिव्यांवरचा पारदर्शक घुमट आतून ६०० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने घासला असल्याने आता दिवे मोजता येत नाहीत, फक्त दुधाळ उजेडाचा एक पट्टा सावकाश वळताना दिसतो. मी तो अर्धा तास नुसता पाहत बसलो होतो.

यानाच्या कवचातून झिरपणारा उजेडही थांबला. आतून आधी काळ्या आणि त्यावर चंदेरी रंगाचा हात दिला, एवढेच.

आता आतील सजावट. मालिकेच्या सेटवरचे यानाचे दोन मजले बाहेरच्या आकारात मावत नाहीत हे आपण सारे जाणतोच, म्हणून खालचा मजला वगळण्याचे ठरवले होते. पण दुसऱ्या पर्वापासून डॉ. स्मिथ आणि यंत्रमानव या यानातल्या दोन पात्रांच्या कुरबुरींनी मालिकेला कौटुंबिक विनोदाचा जो रंग आला, त्यात स्वयंपाकघर असलेला खालचा मजला नसेल तर हे यान घर वाटणारच नाही, असे हे लिहिताना प्रकर्षाने जाणवते आहे. तेव्हा तो मजला तबकडीशेजारी स्वतंत्र देखावा म्हणून, उघड्या पेटीसारखा करीन. अर्धा मिलिमीटर जाडीचे स्टायरीन (प्लास्टिकचा पत्रा) घरात आहे. रविवारी जेवणाच्या टेबलापासून कापायला घेतो.