बाटलीत काय आहे, हे आधी विचारा

आज ओपीडीत पुन्हा तशीच फाइल. आयव्हीएफचा (टेस्ट-ट्यूब उपचाराचा) गर्भ आठव्या आठवड्यात गेला, क्युरेटिंग (गर्भाशय साफ करणं) झालं आणि तपासणीसाठी काढलेला सगळा नमुना फॉर्मेलिनच्या, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत! फॉर्मेलिनने पेशी मरतात; कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गर्भाच्या गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, मग त्या वाढवताच येत नाहीत. नमुना निर्जंतुक सलाईनमध्ये, त्याच दिवशी लॅबला पोचायला हवा. हे क्लिनिकने स्वतःहून सांगायला नको का? त्या बाईंच्या हातात ठेवलं काय, तर पुढच्या सायकलचं पॅकेज. बीटा एचसीजी (रक्तातलं गर्भारपणाचं संप्रेरक) ५ च्या खाली उतरलंय का, तेही कुणी पाहिलं नव्हतं. जीव तुटतो.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं (पुढच्या गर्भाला धोका होऊ नये म्हणून द्यायचं) इंजेक्शन गर्भ गेल्यावर ७२ तासांत घ्यायचं असतं, विचारून घ्या. आणि फाइलची प्रत मागा, किती गर्भ गोठवलेत त्या नोंदीसकट.