तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेनं पनामा कालवा सोडला कसा?

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत मी ‘कॅप्टन’. त्यामुळे समुद्राशी संबंधित सगळे प्रश्न, पापलेटच्या भावापासून त्सुनामीपर्यंत, माझ्याकडे येतात. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प शपथविधीच्या भाषणात ‘पनामा कालवा परत घेणार’ म्हणाले, तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. अहो, अमेरिकेनं स्वतःच्या पैशानं खणलेला कालवा त्या एवढ्याशा देशाला दिलाच कसा? बाकड्यावर बसून एका वाक्यात उत्तर देतो: ओमार तोरिहोसमुळे. मग कुणीतरी विचारतं, हा कोण? आणि तोवर चहा आलेला असतो.

म्हणून आता सविस्तर.

कालव्यातून मी पहिल्यांदा गेलो 1986 मध्ये, कॅडेट म्हणून. जुन्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या दरवाजेबंद हौदात, आमच्या मापाचं जहाज शिरलं की दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट उरत. काठावरून रुळांवर चालणारी इंजिनं केबल ताणून जहाज मधोमध धरून ठेवतात; त्यांना तिथे ‘म्यूल’, म्हणजे खेचरं म्हणतात. जगात इतरत्र पायलट, म्हणजे त्या पाण्याची माहिती असलेला स्थानिक वाटाड्या, कॅप्टनला सल्ला देतो. इथे जहाज त्याच्याच ताब्यात असतं. त्या दिवशीचा पायलट अमेरिकन होता. काठावरचे टुमदार बंगले, कापलेली हिरवळ बघून मला वाटलं, आपण अमेरिकेतच आलो.

माझं तसं अगदीच चुकलं नव्हतं. 1903 मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला आणि पंधराच दिवसांत कालव्याचा करार झाला. पनामाच्या वतीनं त्यावर सही कुणी केली? फिलिप ब्यूनो-वारिया नावाच्या एका फ्रेंच माणसानं! पनामाचं शिष्टमंडळ पोहोचेपर्यंत सही होऊनही गेली होती. कालव्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मैल पट्टा अमेरिकेला मिळाला, तोही कायमचा. तिथले पोलीस, कोर्ट, पोस्ट, दुकानं सगळी अमेरिकेची. पगाराच्या याद्यासुद्धा दोन: गोऱ्या अमेरिकनांची ‘गोल्ड’, आणि बार्बाडोस-जमैकातून आणलेल्या काळ्या मजुरांची ‘सिल्व्हर’. कालवा खणला तो मुख्यतः या सिल्व्हरवाल्यांनी. अमेरिकेच्या काळातल्या बांधकामात 5,609 माणसं मेली. तेव्हा ‘स्वतःच्या पैशानं’ इथवर ठीक आहे, ‘स्वतःच्या हातानं’ म्हणू नका.

9 जानेवारी 1964 ला पनामाचे विद्यार्थी आपला झेंडा फडकवायला त्या पट्ट्यातल्या अमेरिकन शाळेकडे गेले. झटापटीत झेंडा फाटला आणि शहर पेटलं. वीसेक पनामावासी आणि चार अमेरिकन सैनिक मारले गेले. तो दिवस तिथे आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

आता तोरिहोस. वेराग्वास प्रांतातल्या शिक्षक आईबापांचा मुलगा, नॅशनल गार्डमधला, म्हणजे पनामाच्या लष्करातला अधिकारी. ऑक्टोबर 1968 मध्ये आर्नुल्फो आरियास निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि अकराव्या दिवशी गार्डनं त्यांना हाकललं. बंडाच्या दोन म्होरक्यांपैकी एक तोरिहोस. दुसऱ्याला त्यानं काही महिन्यांतच देशाबाहेर धाडलं. 1969 च्या डिसेंबरात हा मेक्सिकोत असताना मागे त्याच्याच अधिकाऱ्यांनी बंड केलं. पठ्ठ्या लहानशा विमानातून रात्री दाविद गावी उतरला. अंधाऱ्या धावपट्टीवर मोटारींचे दिवे लावून उजेड केला होता, आणि तो करणारा स्थानिक अधिकारी होता मान्युएल नोरिएगा. हे नाव लक्षात ठेवा.

तोरिहोस स्वतः कधीच राष्ट्राध्यक्ष झाला नाही. 1972 च्या राज्यघटनेत त्याचं नाव घालून त्याला ‘क्रांतीचा सर्वोच्च नेता’ ठरवलं. घटनेत माणसाचं नाव! राजकीय पक्षांवर बंदी होती. दुसरीकडे कामगार कायदा आला, खेड्यात शाळा आणि दवाखाने पोहोचले, परदेशी बँकांना दारं उघडली. सत्तेवर आजवर वरच्या वर्गातले वकीलच बघितलेल्या लोकांना पाण्याची बाटली आणि टोपीसकट गावात येणारा हा जनरल आपला वाटला, यात नवल नाही.

पण माझ्या मते त्याची खरी हुशारी दिसली ती अमेरिकेशी वागताना. बंदुकीच्या जोरावर कालवा मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मार्च 1973 मध्ये त्यानं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बैठक थेट पनामा सिटीत भरवली. नव्या कराराच्या बाजूनं 13 मतं पडली, ब्रिटन तटस्थ राहिलं आणि अमेरिकेला एकटीला नकाराधिकार वापरावा लागला. त्या 13 मध्ये भारताचंही मत होतं, हे आमच्या बाकड्यावर सांगितलं की सगळे जरा ताठ बसतात. ‘मला इतिहासात शिरायचं नाही, कालव्याच्या पट्ट्यात शिरायचंय,’ हे त्याचं वाक्य पनामात अजून सांगतात. 1999 अखेर कालवा पनामाला देण्याच्या करारावर 7 सप्टेंबर 1977 ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि तोरिहोस यांच्या सह्या झाल्या. अमेरिकी सिनेटमध्ये 68 विरुद्ध 32, म्हणजे दोनतृतीयांशाच्या वर एकच मत जास्त. कालव्याची तटस्थता राखण्याचा कायमचा हक्क मात्र अमेरिकेनं सोडला नाही. आजच्या वादाची मेख तिथे आहे.

31 जुलै 1981 ला त्याचं विमान डोंगरावर आदळलं आणि तो गेला. दोन वर्षांत गार्डची सूत्रं त्या दिवे लावणाऱ्या नोरिएगाच्या हाती. मग त्याला हटवायला 1989 चं अमेरिकी आक्रमण आणि त्यात जळालेली पनामा सिटीतली चोरिल्यो वस्ती. नोरिएगाला तोरिहोसच्या खात्यात धरायचं की नाही, यावर तिथे भांडणं होतात. मी धरतो. पक्ष नाहीत, विरोध नाही, फक्त गार्ड शिल्लक ठेवला, की गार्डातला सगळ्यात लबाड माणूस वर येणारच.

31 डिसेंबर 1999 ला दुपारी बाराला कालवा पनामाचा झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होत्या मिरेया मोस्कोसो. तोरिहोसनं हाकललेल्या त्या आर्नुल्फो आरियासच्या विधवा पत्नी! आणि निवडणुकीत त्यांनी हरवलं होतं तोरिहोसच्या मुलाला. तो मार्तीन पुढे 2004 मध्ये निवडून आला आणि कालवा रुंद करण्याचं काम त्याच्याच काळात सुरू झालं.

इथे बाकड्यावरचे लोक म्हणतात, म्हणजे एकूण माणूस चांगलाच की! तेव्हा मी एक्तोर गायेगोचं नाव काढतो. हा कोलंबियाचा तरुण पाद्री वेराग्वासमधल्या, म्हणजे तोरिहोसच्याच प्रांतातल्या, सांता फे गावी आला. व्यापाऱ्यांच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांची त्यानं सहकारी संस्था काढली. सहकारी दुकान निघालं की गावच्या सावकाराचं काय होतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. तिथला बडा व्यापारी तोरिहोसचाच नातेवाईक. आधी गायेगोची झोपडी जाळली. मग 9 जून 1971 च्या रात्री गार्डची माणसं त्याला घेऊन गेली. तो परत आला नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका फेरीत माझा पायलट पनामाचा होता, आणि वेराग्वासचा निघाला. कालव्यातल्या गातून नावाच्या सरोवरात पुढच्या लॉकसाठी खोळंबलो होतो, तेव्हा मी त्याला दोघांबद्दल विचारलं. म्हणाला, आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जनरलचा फोटो आहे, आणि कॉफी अजून पाद्रीबाबांच्या संस्थेचीच येते. मी विचारलं, आई दोघांबद्दल काय म्हणते? तो म्हणाला, कॉफी घे म्हणते. मग त्यानं दुर्बीण लावली आणि इंजिन डेड स्लो अहेड, म्हणजे अगदी हळू पुढे, करायला सांगितलं.