तुम्ही विचारलंत म्हणून: खून, लग्नं आणि ड्रॅगन एकाच पिशवीत

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसलं की एक प्रश्न ठरलेला. समोरची व्यक्ती पुस्तक बदलून घेता घेता माझ्या बाजूच्या चळतीकडे नजर टाकते. वर जेन ऑस्टिन, तिच्याखाली अगाथा ख्रिस्ती, आणि तळाला मुखपृष्ठावर ड्रॅगन असलेलं काहीतरी. मग विचारणा होते, "मॅडम, तुम्हाला नक्की आवडतं काय हो? प्रेमकथा, खूनकथा आणि ही जादूबिदूची पुस्तकं, एकाच माणसाला तिन्ही कशी चालतात?" काही जण पुढे हेही विचारतात, "आणि गंभीर वाचन कधी करता?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: करते, अधूनमधून. पहिल्याचं उत्तर रांग खोळंबून देता येत नाही, म्हणून इथे देते.

मला या तिन्हींत एकच गोष्ट सापडते. कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं, त्याचा अर्थ साफ चुकीचा लावलेला असतो, आणि पुस्तक संपायच्या आत तो अर्थ बदलून घ्यावा लागतो. तो बदलण्याचा प्रसंग नीट रचलेला असेल तर पुढे लग्न होतंय की अटक, याचं मला फारसं सोयरसुतक नसतं.

ऑस्टिनचंच घ्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली आलं. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, फक्त आधीच्या कादंबरीचा हवाला होता. त्यातली एलिझाबेथ डार्सीला नकार देते. त्यामागे दोन कारणं असतात. त्याने तिच्या बहिणीचं जमत आलेलं मोडलं हे एक, आणि विकम नावाच्या देखण्या तरुणाचं हक्काचं उत्पन्न बुडवलं हे दुसरं. दुसऱ्या दिवशी सकाळी डार्सी तिच्या हातात एक लांबलचक पत्र ठेवतो आणि निघून जातो. सिनेमा-मालिकांत हा प्रसंग पाऊस, पियानो आणि हुंदके यांत उरकतात. पुस्तकात मात्र तिथे चक्क पुरावे तपासले जातात.

एलिझाबेथ विकमबद्दलचा भाग वाचते, खोटं आहे म्हणून पत्र मिटून टाकते, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. मग एकेका वाक्यापाशी थांबते. विकमने ही कहाणी मला कधी सांगितली? ओळख होऊन दोन दिवस झाले नव्हते तेव्हा. परक्या मुलीला कुणी इतकं सांगतं का? डार्सीला टाळायचं मला काही कारण नाही, टाळायचं तर त्याने टाळावं, असं हा मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. पण डार्सी उतरला होता त्या नेदरफील्डच्या घरातल्या नाचाला कोण आलं नाही? हाच. डार्सीच्या वडिलांच्या आठवणीखातर मी त्यांच्या मुलाची बदनामी कधी करणार नाही, असंही म्हणाला होता. मग डार्सी आणि मंडळी गाव सोडून गेल्यावर हीच कहाणी गावभर कुणी केली?

यातला एकही मुद्दा नवा नाही. विकमची फुशारकी, नाचातली त्याची गैरहजेरी, नंतरची गावभर चर्चा, सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडून गेलेलं असतं. आपणही ते वाचून पुढे गेलेले असतो, कारण एलिझाबेथ हुशार आहे आणि तिला विकम आवडला होता, म्हणून आपल्यालाही आवडला होता. खूनकथेत वाचकाला सगळे दुवे आधीच मिळाले पाहिजेत, हा नियम पुढे इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९ साली आपल्या दहा आज्ञांत लिहून ठेवला. ऑस्टिनने तो शंभरहून अधिक वर्षं आधी पाळला होता, तोही एका लग्नाच्या गोष्टीत. "या क्षणापर्यंत मला माझीच ओळख नव्हती," असं एलिझाबेथ म्हणते ते पत्रापाशी, लग्नापाशी नाही. त्यापुढचा जवळजवळ अर्धा भाग, माझ्या मते, निकालानंतरची कागदपत्रं आहेत. सुरेख आहेत, पण कागदपत्रंच.

'पर्स्युएशन'मध्ये तर ऑस्टिनने हे हट्टाने केलेलं दिसतं. आठ वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न पुन्हा जमणार, एवढीच गोष्ट. जुलै १८१६ मध्ये तिने शेवट लिहून संपवला. त्यात नायकाचा मेहुणा त्यालाच नायिकेकडे एक निरोप विचारायला धाडतो, आणि त्या ओघात दोघांचं जमून जातं. तिला ते पटलं नाही. तिने ती प्रकरणं काढून नव्याने लिहिली. नव्या शेवटात नायिका ॲन खिडकीपाशी एका कॅप्टनशी वाद घालतेय: प्रेम जास्त टिकतं कुणाचं, पुरुषाचं की बाईचं? त्याच खोलीत नायक वेंटवर्थ पाठमोरा बसून पत्र लिहितोय. आणि मध्येच त्याच्या हातून लेखणी पडते. बस, एवढंच. ॲनला शंका येते की हा आपलं बोलणं ऐकत होता. ती पडलेली लेखणी म्हणजे सरळ सरळ दुवा आहे, आणि ॲन तो बरोबर टिपते. सुदैवाने काढून टाकलेल्या प्रकरणांचं ऑस्टिनच्या हातचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत राहिलं आहे, त्यामुळे दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचता येतात. पहिल्यात तिसऱ्याच माणसाने ढकलल्यामुळे गाठ पडते. दुसऱ्यात दोघं एकमेकांना वाचतात. प्रेमकथा कशी लिहावी हे शिकायचं असेल तर हे एवढं पुरे.

म्हणूनच ज्या प्रेमकथेतला गैरसमज दाराशी उभं राहून एका वाक्यात मिटला असता, पण तीनशे पानं कुणी ते वाक्य बोलतच नाही, ती मी परत करते. शेवट आधी माहीत असतो याची मला तक्रार नाही. प्रेमकथेचं शेवटचं पान मी खुशाल आधी वाचते.

खूनकथेचं मात्र नाही वाचत, आणि तुम्हीही वाचू नका. आमच्याकडे एक सभासद होते, कोण ते कधी कळलं नाही, जे खूनकथांच्या पहिल्या वीस पानांत पेन्सिलीने खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवत. खोडरबर टेबलाच्या खणात ठेवायची सवय मला तेव्हापासून लागली.

ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड' १९२६ चं. त्याच्या शेवटावरून तेव्हा बरीच कुरकुर झाली, बाईंनी वाचकाला फसवलं म्हणून. शेवट मी सांगणार नाही. सांगते ते खुर्चीचं. खून झालेल्या खोलीत एक मोठी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढलेली होती आणि नंतर कुणीतरी ती जागच्या जागी सरकवली. पोलिसांना त्यात काही वाटत नाही. ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो एकटाच परत परत त्या खुर्चीपाशी येतो. वाचताना आपणही म्हणतो, असेल बुवा, खुर्चीच ती. पुस्तक संपल्यावर मागे जाऊन ती पानं पुन्हा काढली की दिसतं, फसवलं कुणीच नव्हतं. वाक्यं सगळी खरी होती. आपण ती सरळ अर्थाने घेतली, एवढंच. एलिझाबेथचं पत्र दुसऱ्यांदा वाचणं आणि अक्रॉइड दुसऱ्यांदा वाचणं ही मला एकच कृती वाटते. फरक इतकाच की ऑस्टिनच्या पुस्तकात नायिका दुसऱ्यांदा वाचते आणि ख्रिस्तीच्या पुस्तकात ते काम आपल्यावर येतं.

जाता जाता: त्या पुस्तकात गावातल्या डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन आहे. घराबाहेर पाऊल न टाकता गावातली बित्तंबातमी तिच्याकडे डॉक्टरांच्या आधी पोचलेली असते. मिस मार्पल, म्हणजे ख्रिस्तीची खुनांचा छडा लावणारी म्हातारी, कदाचित या पात्रावरूनच सुचली असावी, असं ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहिलंय. आमच्याकडे दुपारच्या वेळात येणाऱ्या निदान दोन काकू त्या जागेवर उद्या रुजू होऊ शकतील.

रक्ताचे पाट, विकृत खुनी आणि दारुडा इन्स्पेक्टर असलेल्या हल्लीच्या कादंबऱ्या मला फारशा रुचत नाहीत. त्यात दुवे कमी आणि जखमा जास्त असतात.

आता ड्रॅगन. इथे लोकांचा चेहरा सगळ्यात जास्त बदलतो. "ती लहान मुलांची ना?" असं विचारतात. अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) खरंच किशोरवयीनांसाठीच लिहिलेलं. त्या जगात प्रत्येक गोष्टीला एक खरं नाव असतं आणि ते कळलं की तिच्यावर सत्ता चालते. त्यामुळे माणसं आपलं खरं नाव लपवतात आणि चारचौघांत दुसऱ्याच नावाने वावरतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पत्रिकेतलं जन्मनाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, हे आपल्याकडे आहेच. नवऱ्याचं नाव एरवी ओठांवर न आणणाऱ्या आज्या उखाण्यात मात्र ते घेत, आणि ते ऐकायला बायका दारं अडवून बसत. नाव घेणं म्हणजे काहीतरी घडवणं, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना अर्थसी परकं वाटत नाही.

या पुस्तकातली जादूची शाळाही मला आवडते ती तिच्या कंटाळवाण्या अभ्यासासाठी. मुलांना एका एकाकी मनोऱ्यात पाठवतात आणि तिथे वर्षभर नुसत्या नावांच्या याद्या पाठ करायच्या. समुद्राला नाव, समुद्राच्या एका भागाला वेगळं नाव, त्यातल्या खाडीला आणखी वेगळं. गेड हा तिथला सगळ्यात हुशार विद्यार्थी. ईर्ष्येपोटी तो नको ती विद्या वापरतो आणि एक सावली जगात मोकळी सुटते. ती त्याच्यामागे लागते. तिला नाव नाही, असं मोठे मोठे लोक त्याला सांगतात. गेड आजारातून उठतो तो चेहऱ्यावर व्रण आणि मान खाली घेऊन. त्या वेळी त्याचा मित्र निघताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगून टाकतो. ना हार, ना भाषण, नुसतं नाव. इतक्या विश्वासाचं दृश्य मी फार कमी प्रेमकथांत वाचलंय. पुढे सावलीचं नाव सापडतं. तेही सांगत नाही, पण दुवे पहिल्या प्रकरणापासून ठेवलेले आहेत. नॉक्ससाहेबांनी आक्षेप घेतला नसता. (तसे त्यांच्या आज्ञांत अलौकिक गोष्टींना मज्जाव होता, पण ते जाऊ द्या.)

गेड तांबूस-काळसर वर्णाचा आहे, अर्थसीतली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत, आणि गोरे लोक चाल करून येणारे लुटारू. ले ग्विनने हे मुद्दाम केलं होतं. ते पहिल्यांदा वाचताना पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, कारण जादूगार गोराच असणार असं आपण धरून चाललेले असतो. पुन्हा चुकीचं वाचन, आणि या वेळी पुस्तकाबाहेरचं!

दहा-बारा खंडांच्या मालिका आणि मागे पन्नास पानी वंशावळ, यांच्या वाटेला मी जात नाही. एवढी बखर पाठ करायची तर आपल्याकडच्या काय थोड्या आहेत?

बरं, या तीन कपाटांच्या भिंती तशा पातळच आहेत. डोरोथी सेयर्सच्या 'गॉडी नाइट'मध्ये (१९३५) ऑक्सफर्डच्या बायकांच्या कॉलेजात कुणीतरी निनावी घाणेरडी पत्रं पाठवतंय. रहस्य आहे, पण खून नाही. आणि तपास चाललेला असताना नायिकेला दुसराही एक निकाल द्यायचा आहे, की वर्षानुवर्षं मागणी घालणाऱ्या माणसाला हो म्हणायचं का. दोन्ही उकलतात, आणि एकाच पद्धतीने. आपल्याकडेही मराठी कादंबरी सुरू झाली तेव्हा हे वेगळे कप्पे नव्हते. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८), यांत प्रेम, कारस्थानं आणि अद्भुत योगायोग सगळं एकाच ताटात होतं. हरिभाऊ आपट्यांनी वास्तव आणलं, फार चांगलं झालं. पण त्यानंतर बाकीच्या ताटाला हळूहळू 'रंजनपर' म्हणून खालच्या फळीवर सरकवलं गेलं. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे त्यांचे नायक घरोघरी गेले, पण वाङ्मयाच्या चर्चेत त्यांचं नाव आलं तर हसण्यावारीच. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर तर अश्लीलतेचा खटला चालला आणि थेट सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. अजूनही प्रेमकथा नेणारे तिच्यावर एखाद्या थोर पुरुषाचं चरित्र ठेवूनच पुस्तकं टेबलावर आणतात. मी दोन्हींवर शिक्का मारते, काही बोलत नाही.

तर सुरुवात कुठून करायची, हा तुमचा पुढचा प्रश्न. खूनकथा वाचणाऱ्यांनी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्यावं आणि विकम तोंड उघडेल तिथे तिथे कागदाची खूण घालत जावं. प्रेमकथावाल्यांनी थेट 'गॉडी नाइट'ला हात घालू नये. आधी 'स्ट्राँग पॉयझन' वाचावं, तिथे हीच नायिका खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभी आहे आणि नायक तिला पहिल्यांदा पाहतो ते कोर्टात. फँटसीला नाकं मुरडणाऱ्यांना मी अर्थसी देते, कारण ते दोनेकशे पानांत संपतं आणि परत करताना बहुतेक जण दुसरा भाग मागतात. अक्रॉइड मात्र मलपृष्ठ आणि प्रस्तावना न वाचता सुरू करा. आमच्या प्रतीतल्या रेघा मी खोडलेल्या आहेत.