बशीतला चहा

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ ला टेकतो, तेव्हाही अशोक चौकातल्या टपरीवरचं आधण उतरत नाही. घाम पुसत माणसं हाफ मागवत असतात. "एवढ्या उन्हात चहा?" असं मी एकदा मित्राला विचारलं. तो म्हणाला, "मग काय बे, ऊन पिऊ का?"

परवा माझ्या रिपोर्टात साखर काठावर आली. घरात चहाबंदीचा ठराव येणार हे दिसत होतं, म्हणून मी वकिलाच्या तयारीने वाचायला बसलो. पुरावा सापडलाही. ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या सुमारे पाच लाख लोकांवरचा, २०२२ साली आलेला अभ्यास. दिवसाला दोन किंवा जास्त कप काळ्या पत्तीचा चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला. दूध घातलं तरी. ही किमया चहाचीच, असं काही त्यातून सिद्ध होत नाही, पण ते वाक्य मी घरी वाचून दाखवलं नाही. तरी स्वयंपाकघरातून आवाज आलाच, "त्यांच्या चहात पावडर असते. तुमच्या चहात पाकच असतो."

पाच कप, प्रत्येकी दोन चमचे. चाळीस ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभराची सगळी वरची साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. खटला तिथेच ढिला पडला.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली. याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, की ६५ अंशांपेक्षा गरम पेय, मग ते कुठलंही असो, अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं. आणि मला अण्णा आठवले. मिलमधून शिफ्ट संपवून आले की ते ओसरीवर बसत, कप तिरका करून चहा बशीत ओतत, तीन बोटांवर बशी तोलत, फुंकर मारून साय कडेला सारत आणि मग तो फुर्रर्र आवाज, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. पाहुण्यांसमोर आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आम्ही शहाणे कपातून पीत होतो, जीभ भाजून घेत होतो. पसरट बशीत चहा झटकन निवतो, एवढं साधं गणित अण्णांना कुठल्याही संस्थेने शिकवलं नव्हतं.

आईचं प्रकरण वेगळं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शेवटच्या घासाला लागूनच चहा. हिमोग्लोबिन नऊवर आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर ती गोळीही चहाच्या घोटाबरोबर! चहातली टॅनिनं भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. निदान तासाभराचं अंतर हवं. "चहा नाही तर जेवल्यासारखंच वाटत नाही बाई," म्हणून तिने आधी धुडकावून लावलं. आता जेवण झालं की भिंतीवरच्या घड्याळासमोर बसते आणि दहा मिनिटं उरली असतानाच आधण चढवते.

मी तीन कपांवर आणि एकेका चमच्यावर तडजोड केली. काल बशीही शोधली. सेटमधले कप केव्हाच फुटलेत, बश्या तेवढ्या उरल्यात. दुधाच्या पातेल्यावरची एक उचलली, तर आतून लगेच, "अहो, आता दुधावर काय झाकू?"